अडीच हात रुंदीची भिंत

संमेलनासाठी आपल्या बॅचची पूर्ण यादी करायची म्हणून आम्ही तिघं शाळेच्या कार्यालयात बसून जुनं जनरल रजिस्टर चाळत होतो. सन १९९३-९४, इयत्ता सहावी. जूनमधल्या नावांनंतर थेट नोव्हेंबरमध्ये दाखल झालेली तीन नावं दिसली. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा क्रमांक लिहायच्या रकान्यात तिघांच्याही नावापुढे, आपल्या लेखनिक सरांच्या त्या वळणदार अक्षरात, निळ्या शाईने एकच शब्द लिहिला होता : भूकंप.

सहली, स्नेहसंमेलनं, छड्या आणि टोपणनावं यांवर या स्मरणिकेत बरेच जण लिहिणार आहेत, आणि मी ते सगळं हावरटासारखं वाचणार आहे. मला मात्र संपादक मंडळाने 'आपल्या डोळ्यांसमोर घडलेला इतिहास' असा विषय दिला. लातूरच्या मुलीला त्यासाठी फार शोधावं लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गंजगोलाईकडच्या मिरवणुका बघून आम्ही उशिरा घरी आलो होतो. धाकट्या भावाच्या केसांत गुलाल तसाच होता आणि 'सकाळी न्हाऊ घालते' म्हणून आईने त्याला तसंच निजवलं होतं. मला जाग आली ती आवाजाने. भरलेला मोठा ट्रक रस्त्यावरून न जाता जमिनीखालून जावा, तसा तो आवाज होता. मग मांडणीवरची भांडी खाली आली. बाबांनी भावाला उचललं, आईने माझा दंड धरला आणि आम्ही अंधारात जिना उतरून गल्लीत आलो. गल्लीत सगळेच होते, आणि सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारत होते : तुमच्याकडे पण झालं का?

शहराचं त्या मानाने थोडक्यात निभावलं. भिंतींना तडे गेले, काही जुनी बांधकामं ढासळली. उजाडेपर्यंत लोक ओट्यावर बसून चहा पीत होते, चक्क हसतही होते. बाबा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. औशाच्या रस्त्याने टेम्पो, ट्रॅक्टर, एस.टी.च्या गाड्या सरकारी दवाखान्याकडे येत होत्या आणि त्यांत माणसं आडवी घातलेली होती. "किल्लारीकडची आहेत म्हणतात," एवढंच ते बोलले.

आईचं माहेर तिकडचं, औसा तालुक्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्या घरात माणसं गेली ते लोक आजही तिथे राहतात आणि हा अंक लातूरभर फिरणार आहे. बाबांच्या ओळखीतल्या एकाने जीप दिली. भावाला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. मलाही ठेवायचं ठरत होतं, पण आई म्हणाली, "हिला घेते. माय आधी हिलाच हुडकंल." माझं वय तेव्हा ११. त्या दिवशी जे पाहिलं ते पाहायचं वय नव्हतं, असं मला नंतर अनेकांनी ऐकवलं. आईने मला का नेलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी बरोबर असेन तर आजी जिवंत असायलाच हवी, असा तिचा हिशोब होता.

औशाच्या पुढे, लामजना पाटीपर्यंत रस्ता भरून गेला होता. त्यात जखमींना आणणाऱ्या गाड्या होत्या, आमच्यासारखे नातेवाईक होते आणि तितकेच, कदाचित जास्तच, नुसते बघायला निघालेले लोक होते. स्कूटरवर तिघं-तिघं. पुढचे कित्येक दिवस या बघ्यांनी पोलिसांना आणि लष्कराच्या जवानांना जेरीस आणलं. त्या सकाळी एका गावाच्या तोंडाशी एक म्हातारा रस्त्यात उभा राहून त्यांच्यावर ओरडत होता : "काय बघायलाव? हात लावा की!" मला आयुष्यात अनेक भाषणं आठवत नाहीत, पण हे एक वाक्य आठवतं.

आजोळ आलं ते कळलंच नाही. दरवेळी लांबून आधी मारुतीचा कळस आणि मग आजोबांच्या वाड्याची भिंत दिसायची. त्या दिवशी फक्त झाडं दिसली. कडुनिंब एकदम उंच झाल्यासारखे वाटले, कारण त्यांच्या खांद्याला लागणारी घरंच नव्हती. गावाच्या जागी दगडमातीचा एक लांबलचक ढीग होता आणि त्यातून मधूनच लाकडी खांब उभे होते. गल्ली कुठे होती आणि घर कुठे होतं, हे आईलाही सांगता येईना. ती त्या गावात जन्मली होती.

इथे त्या वाड्याविषयी सांगितलं पाहिजे. आजोबांना त्याचा फार अभिमान. भिंत अडीच हात रुंद. उन्हाळ्यात लातूरला आम्ही भाजून निघायचो, पण आजोळी दुपारी घोंगडी पांघरून झोपता यायचं. 'चोराला ही भिंत फोडायला दोन रात्री लागतील,' असं आजोबा सांगायचे. वर माळवद. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दर वर्षी मृगाच्या आधी गडीमाणसं गाडीभर पांढरी आणून माळवदावर पसरायची, कारण पाणी गळायला नको. जुनी माती कुणी काढत नसे. आजोबांच्या आजोबांपासून दर उन्हाळ्यात हेच चाललेलं होतं.

आजोबा त्या रात्री गोठ्यात झोपले होते, कारण गाय व्यायला झाली होती. गोठ्यावर पत्रे होते. मामा गणपती विसर्जनाहून आल्यावर मित्रांबरोबर पारावरच लवंडला होता. वाड्यात आजी, मामी आणि मामाची दोन मुलं होती. मामी आणि मोठा मुलगा एका खांबाच्या आडोशाला सापडले. आजी आणि चार वर्षांचा धाकटा सापडले ते दुपारी.

मामीला बाहेर काढलं ते गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांनी. त्यांची घरं कुडाची, पाचटाची, पत्र्याची. ती हलली, वाकली, काही बसली, पण आतली माणसं उठून बाहेर आली. वाड्यांतली माणसं मात्र उठली नाहीत. त्या पूर्ण पट्ट्यात हेच चित्र होतं : ज्याचं घर जितकं भक्कम, त्याच्या घरात माणसं तितकी जास्त गेली. सकाळी सहाला उकरायला हात होते ते वस्तीवाल्यांचेच. ज्या माणसाने मामीला खांद्यावर घातलं, त्याला वाड्याच्या ओसरीच्या वर कधी येऊ दिलेलं नव्हतं. आजोबांनी त्या दिवशी त्याच्याच घरचं पाणी प्यायलं. यावर आमच्या घरात नंतर कधीही कुणी एक शब्द बोललं नाही. मी हे पहिल्यांदाच लिहिते आहे.

सरणाला लाकूड नव्हतं. वाड्याच्या तुळया वापरल्या. सागवानी होत्या.

मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी किल्लारीत पोहोचले होते, हे आम्हाला घरी परतल्यावर रेडिओवरून कळलं. पुढचे आकडे तुम्हाला माहीत आहेत, तरी लिहिते. तीव्रता साधारण ६.२. सरकारी नोंदीनुसार मृत ७,९२८. सुमारे १६,००० जखमी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं इतकी उद्ध्वस्त झाली, की ती पुढे नव्या जागी वसवावी लागली. जगात ६.२ चे भूकंप दर वर्षी अनेक होतात आणि बहुतेकांची बातमीसुद्धा होत नाही. मग आपल्याकडेच इतकी माणसं का गेली?

याचं उत्तर मला सात वर्षांनी मिळालं. माझी पदवी कम्प्युटरची असली तरी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सगळ्यांनाच थोडं सिव्हिल शिकावं लागतं. एका तासाला सरांनी फळ्यावर दगडी भिंतीचा छेद काढला आणि तो आजोबांचा वाडा निघाला. अडीच हाताची भिंत म्हणजे एक भिंत नव्हतीच. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून दुसरा आणि मध्ये माती-गोट्यांची भर. दोन्ही पदरांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड क्वचितच घातलेला. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नाहीत, नुसत्या टेकवलेल्या. जमीन हलली की मधली भर खाली बसते, पदर फुगतात आणि सुटतात. आतला पदर झोपलेल्या माणसावर पडतो, बाहेरचा पदर गल्लीत पळालेल्या माणसावर.

त्या रात्री होस्टेलवर बसून मी माळवदाचा हिशोब केला. १२ फूट बाय १० फुटांची खोली, मातीचा थर दीड फूट. १८० घनफूट, म्हणजे ५ घनमीटरांहून थोडी जास्त माती. घनमीटरला १.६ टन धरले तरी ८ टन. एका खोलीवर, झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर, भरलेला एक ट्रक उभा. पाऊस गळू नये म्हणून पिढ्यान् पिढ्या प्रेमाने तो भरत आणलेला. मी तो कागद आईला कधी दाखवला नाही.

'अचानक झालं' असंही आपण म्हणतो, पण ते पूर्ण खरं नाही. १९९२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस किल्लारी भागात लहान धक्क्यांची मालिका झाली होती. लोक कित्येक रात्री अंगणात झोपले. आजीने त्या दिवाळीच्या सुट्टीत मलाही बाहेर बाजेवर झोपवलं होतं आणि मला ती मोठी मजा वाटली होती. मग धक्के थांबले, थंडी वाढली आणि माणसं घरात गेली. आमच्या धंद्यात याची रोज प्रचिती येते. सर्व्हर बिघडल्याची सूचना देणारी घंटा दहा वेळा उगाच वाजली की अकराव्यांदा कुणी उठत नाही. यात गावकऱ्यांना अडाणी ठरवण्यासारखं काही नाही. तेव्हाच्या सरकारी नकाशावरही आपला भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पट्ट्यात, झोन एकमध्ये होता. १९६७ मध्ये कोयनेला भूकंप झाला तेव्हाही दख्खनच्या पठाराविषयीची ही खात्री हलली होती, पण लातूरपर्यंत ती शंका पोहोचली नाही. किल्लारीनंतर तिथे खोल विवर घेतलं तेव्हा काळा बेसाल्ट साडेतीनशे मीटरच्या आतच संपला आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला. माकणीच्या धरणामुळे हे झालं का, यावर शास्त्रज्ञ पुढे बरीच वर्षं भांडले. २००२ मध्ये नवा नकाशा आला, त्यात झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि आपला भाग झोन तीनमध्ये गेला.

आता शाळेकडे येते. तुम्हाला आठवत असेल, भूकंपानंतर अख्खं लातूर कित्येक रात्री रस्त्यावर आणि मैदानांवर झोपत होतं. आपल्या शाळेचं मैदानही त्यांतलं. शाळा सुरू झाल्यावर दोन वर्गखोल्यांत देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग होते आणि ते निवडायचं काम आपल्याला दिलं होतं. त्यांत काय नव्हतं! जरीची शेरवानी, लहान बाळाची लोकरीची टोपडी, एकच मोजा, बॉलडान्सला घालावा तसा एक चमकीचा गुलाबी झगा. तो झगा घालून कुणी नाच केला आणि बाईंनी ओरडावं की हसावं हे न कळून कसं तोंड फिरवलं, हे त्या व्यक्तीने स्वतःच लिहावं. नऊवारी नेसणाऱ्या बायकांसाठी त्या ढिगातलं फार थोडं कामाचं होतं.

आणि मग दिवाळीनंतर ती तिघं आली. त्यांचं शहरात कुणी ना कुणी नातेवाईक होतं म्हणून ती इथे आली. त्यांच्याच गावांकडच्या सुमारे १,२०० मुलांना शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेलं होतं. तिघांपैकी एक मुलगी माझ्या बाकावर आली. बाक भिंतीला लागून होता. ती बसली नाही. बाईंनी 'बस ना गं' म्हटलं, तरी ती दप्तर छातीशी धरून उभीच. बाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा भिंतीकडे पाहिलं. मग काही न विचारता त्यांनी आम्हा चौघींना उठवून बाक वर्गाच्या मधोमध ओढायला लावला. दुसऱ्या दिवशी वर्गातले सगळेच बाक भिंतीपासून हातभर लांब होते, आणि दहावीपर्यंत वर्ग बदलले तरी आपली बॅच बाक तसेच ठेवायची. नव्या शिक्षकांना ही आपली खोड वाटायची. कारण त्यांना कुणी सांगितलं नाही. बाई, तुम्ही हा अंक वाचाल तेव्हा एवढंच सांगायचं आहे, की ती मुलगी आज आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांत जास्त बडबड करते आणि हे सगळं तिला विचारूनच लिहिलं आहे.

पुनर्वसन मोठं झालं, आणि बऱ्याच अर्थांनी चांगलं झालं. जागतिक बँकेच्या कर्जातून कार्यक्रम आखला गेला. प्रवीणसिंह परदेशी तेव्हा आपले जिल्हाधिकारी होते. नव्या गावांत जमिनीप्रमाणे घरं मिळाली : भूमिहीन आणि लहान शेतकऱ्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्यांना ७५०. मामाला ४०० चं मिळालं. रस्ते सरळ आणि रुंद, चौकाचौकात काटकोन. मामीला ते गाव कधीच आवडलं नाही. 'हाक मारली तर शेजारणीला ऐकू येत नाही,' ही तिची तक्रार. भिंती पक्क्या होत्या, वर स्लॅब होता, पण पहिली पाच-सहा वर्षं मामाने आत सोयाबीनची पोती रचली आणि कुटुंब समोर पत्र्याच्या शेडमध्ये झोपलं. आजोबा तर शेवटपर्यंत शेडमध्येच होते. स्लॅबकडे बोट करून म्हणायचे, "ह्यो बी दगुडच की."

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याची आठवण कुणी काढत नाही. जी घरं पडली नव्हती, पण तशाच भिंतींची होती, ती मजबूत करायची होती. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना बांधले जातात. वरची माती उतरवून हलकी करायची. खांब आणि तुळईच्या कोनात तिरपा आधार ठोकायचा. खर्च थोडा, पण गुण मोठा. गावोगाव बायकांना संवाद सहायक नेमून हे समजावलं गेलं. तरीही बहुतेकांनी मदतीच्या पैशातून जुनं घर तसंच ठेवलं आणि शेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधली. आतापर्यंत लोकांच्या मनात एक समजूत होती, की जाड भिंत म्हणजे सुरक्षित. तिच्या जागी दुसरी आली : सिमेंट म्हणजे सुरक्षित. मामाच्या शेजारच्या गावांत आजही माळवदाची घरं उभी आहेत, त्यांत माणसं झोपतात आणि मृगाच्या आधी माती पडते. मी दर वेळी पाहते.

मागच्या वर्षी लातूरच्या आमच्या घरावर एक मजला चढवायचा होता. बाबा आता नाहीत, म्हणून काम बघायला मी पंधरा दिवस रजा टाकून आले. कॉलमच्या रिंगा बांधून तयार होत्या. टोकं नुसती काटकोनात वळवलेली. जमीन हलली की अशा रिंगा उघडतात आणि आतल्या उभ्या सळया बाहेर फाकतात. टोकं काटकोनाहून पुढे, आतल्या बाजूला वळवायला हवीत, आणि तुळईच्या जवळ रिंगा दाट हव्यात. मिस्त्रीला हे सांगितलं, तर तो हसला. "मॅडम, तुम्ही कम्प्युटरवाल्या ना? सगळं लातूर असंच बांधायलंय." वय तिशीच्या आतलं. किल्लारीनंतर जन्मलेला. "आन् आता किल्लारी कुठं होतंय पुन्हा?"

मी त्याला एक दिवसाची मजुरी जास्त कबूल केली. त्याने कुरकुरत पहिली रिंग पक्कडीत धरून टोक आत वळवलं आणि माझ्यासमोर धरली. "असं?" आई तोपर्यंत आतून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली होती. ती कॉलमसमोर बसली आणि संध्याकाळी काम बंद होईपर्यंत एकेक रिंग मोजत राहिली.